कापडावरचा टाउन हॉल

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

अमळनेरहून धुळ्याला परत यायला संध्याकाळ झाली. एसटीने पाठ खिळखिळी केली आहे, पण जीवाला चैन पडत नाही म्हणून लिहायला बसलो.

खाजाभाईचा फोन परवाच आला होता. खाजाभाई म्हणजे अमळनेरचा भंगारवाला. जुनी गिरणी, जुनं गोदाम पाडायला निघालं की सगळ्यांत आधी वास याला लागतो. "सुकदेवभाऊ, एका कंत्राटदाराचं गोदाम खाली करून राहिलो. पत्र्याची पेटी निघाली. आत कपडाच कपडा, त्याच्यावर नकाशे. मेरेको तो पोतेरं वाटलं, पण म्हटलं भाऊला विचारल्याबिगर हात लावायचा नाही." असे खाजाभाई गावोगाव असते तर किती कागद वाचले असते.

पेटीत ट्रेसिंग क्लॉथच्या गुंडाळ्या. हल्लीच्या पोरांना हा प्रकार ठाऊक नाही. तलम सुती कापड, त्यावर खळ चढवून, घोटून काचेसारखं केलेलं. त्यावर शाईने ओढलेली रेघ शंभर वर्षं जात नाही, फक्त पाण्याचा थेंब लागता कामा नये. आम्ही मनगटाखाली रुमाल ठेवून काम करायचो. घाम टपकला की साहेब खवळायचे. बांधकाम खात्यात उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून गेला, त्यामुळे पहिली गुंडाळी उलगडली तसा मला हात ओळखू आला. हे काम साहेबाचं नव्हे, आमच्यातल्या कुणाचं तरी.

नकाशे धुळ्याच्या टाउन हॉलचे. असा टाउन हॉल धुळ्यात नाही आणि कधी नव्हता. पांझरेच्या काठी बांधायचं ठरलं असेल आणि राहून गेलं असेल. आपल्याकडे राहून जाणं तेवढं वेळेवर होतं. साल १९३४. कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात सही: अ. करीम, ड्राफ्ट्समन, जळगाव.

घरी बायकोने, हेमलताने, दार उघडून पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणलंत का आणखी एक लोढणं?" माझी दोन्ही कपाटं विलायती छाप्यांनी भरलेली. रोमच्या पडक्या कमानी, खांब, घुमट. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची चित्रं. मिशनच्या बंगल्याच्या लिलावात, मुंबईच्या चोरबाजारात, रद्दीत, कुठे कुठे वेचलेली. ती माझी खरी दौलत. करीमच्या गुंडाळ्यांना जागा नव्हती म्हणून हेमलताच्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून घेतला. कापडच ते, कापडात बसेल.

१४ नोव्हेंबर

भरतात मीठ दोनदा. मी दह्याबरोबर गिळलं. माझ्या पसाऱ्याचा राग ती असा मिठातून काढते.

बेबाबाई शेजारीण ब्लाउज घेऊन आली होती. हेमलता इतकी वर्षं गल्लीचं शिवण करते, पण यावेळी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आहेत म्हणे. बेबाबाई बिचारी हसली. मीही हसलो. हेमलता मात्र हसली नाही, ब्लाउज हातात धरून बघत राहिली.

२३ नोव्हेंबर, रविवार

जळगावला जाऊन आलो. हे लिहू नये असं वाटतं, पण खोटी वही काय कामाची?

अफरीन शेख मॅडम पुण्याला आर्किटेक्चर शिकवतात, माहेर जळगावचं. भावाच्या लग्नाला आल्या आहेत असं कळलं म्हणून वेळ मागून घेतली होती. उत्तम म्हणून निवडलेली बारा-पंधरा चित्रं फ्रेममधून काढून, वर्तमानपत्रात बांधून घेऊन गेलो. बाईंनी भिंग लावून एकेक पाहिलं. चहा गार झाला तरी पाहत होत्या. मग भिंग मिटवलं.

"काका, ही पानं पुस्तकातून काढलेली आहेत. मधे घडी दिसते बघा. आणि पत्रा झिजून झिजून पार सपाट झाल्यावर छापलेली आहेत, म्हणून इथलं काळं करडं दिसतं. अशी बरीच मिळतात." थोडं थांबून म्हणाल्या, "कडा कुणी कापल्या?"

कडा फ्रेमवाल्याने कापल्या. मीच सांगितलं होतं त्याला, बाजूचं पांढरं रिकामं दिसतं, चित्राला घट्ट बसव. इकडे सगळे तसंच करतात. लग्नाचा फोटो असो की देवाचा, पांढरी कड दिसली की माणसाला वाटतं फ्रेमवाल्याने माप चुकवलं. बाई म्हणाल्या, पत्र्याचा दाब त्या कडेवरच उमटतो, तो गेला की काही उरत नाही. मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं.

उठता उठता मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. करीमच्या टाउन हॉलचा दर्शनी भाग, असाच सहज काढलेला. साल, करीमची सही, न बांधलेली इमारत, सगळं सांगितलं. बाई परत खाली बसल्या. फोटो मोठा करून, हलवून हलवून पाहिला.

"सगळा संच आहे?"

"पाया, तळमजला, वरचा मजला, जिने, खिडक्यांच्या जाळ्या. सगळं."

"काका, त्या काळात इथल्या माणसाने स्वतःच्या सहीने काढलेलं असं पूर्ण काम मी पाहिलेलं नाही. आणि इमारत बांधलीच नाही म्हणता? मग ती फक्त तुमच्या घरात आहे." कॉलेज संच नीट सांभाळेल, प्रदर्शन भरवेल, करीमचं नाव लावेल. चार जानेवारीला स्वतः येते म्हणाल्या. "तोवर पाण्यापासून जपा. आहेत कुठे?"

"बायकोच्या कपाटात," मी म्हटलं. लग्नघरचे सगळे हसले.

परतताना पारोळ्यापर्यंत मांडीवरचं चित्रांचं गाठोडं जड जड होत गेलं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं मी झिजलेल्या पत्र्याच्या मागे घालवली.

२४ नोव्हेंबर

भिंतीवरच्या चित्रांकडे पाहवत नाही. जेवलो नाही. हेमलतानेही विचारलं नाही. नंतर कळलं, तिने स्वयंपाकच केला नव्हता.

३० नोव्हेंबर, रविवार

करीमच्या गुंडाळ्या एकेक करून पाहिल्या. काय माणूस असेल! बायकांसाठी वेगळी वाचनाची खोली, तिला उत्तरेचा उजेड. पिण्याच्या पाण्याचा रांजण कुठे असेल तेही काढलंय. जाळीतल्या प्रत्येक फुलाची पाकळी मोजून घेतलेली. आणि हे सगळं कुणी बांधलं नाही. आमच्या खात्यातही असंच. मी काढलेल्या कुठल्या पुलावर माझं नाव आहे? करीमचं निदान कापडावर आहे आणि ते मी वाचवणार. माझ्या आयुष्यात आता एवढंच एक काम राहिलं आहे.

हेमलता शेजारी येऊन बसली. कित्येक वर्षांत ती माझ्या नकाशांजवळ बसली नव्हती. कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून दुकानात पाहतात तसा चोळून पाहत होती. "चांगलं शे," म्हणाली. अलीकडे ती माहेरची अहिराणीच जास्त बोलते. साक्रीकडची मुलगी; लग्न होऊन धुळ्याला आल्यावर मीच तिला शहरातलं बोलायला लावलं होतं. आता परत ते ऐकताना गोड वाटतं.

११ डिसेंबर

हेमलता भाजी आणायला गेली ती दुपार झाली तरी परतली नाही. बेबाबाईच्या जावयाने तिला एसटी स्टँडवर पाहिलं. पिशवी छातीशी धरून कंडक्टरला विचारत होती, "साक्रीनी गाडी कव्हय शे?" साक्रीत आता कोण आहे तिचं? भाऊ वारला, घर विकलं. मी रिक्षाने घरी आणलं आणि खूप बोललो. माणसाने रुसावं, पण गावात शोभा करू नये.

रेशमाचा नाशिकहून फोन. आपली एकुलती एक लेक, काळजी करणं तिचा हक्क आहे, पण ती फारच ओढून धरते. म्हणे, "नाना, आईने काल मला फोन केला आणि विचारलं, तू कोण बोलतेस? तिला डॉक्टरकडे न्या. आज न्या."

मी म्हटलं, चार जानेवारी होऊ दे. मॅडम येऊन जाऊ देत, मग नेतो. मला सध्या दुसरं काही सुचत नाही.

२१ डिसेंबर, रविवार

बरे दिवस. हेमलताचा रुसवा गेला. सकाळपासून मशीन चालू असतं, गुणगुणतेही. मी पुढच्या खोलीत दर्शनी भागाचा नकाशा बोर्डावर लावून त्याची नक्कल काढतो आहे. संच पुण्याला गेला तरी आपल्याकडे एक असावी, आणि करीमच्या रेघेवरून रेघ ओढताना हात परत तरुण होतो. मागे मशीनचा आवाज, पुढे माझी पेन. नवं लग्न झालं होतं तेव्हा असेच बसायचो.

एवढ्या थंडीत ती धुणं फार काढते. मागच्या दोरीवर रोज काहीतरी पांढरं वाळत असतं. असो, कामात आहे तोवर बरी.

३ जानेवारी २०२६, शनिवार

करीम गेला.

उद्या मॅडम येणार म्हणून सकाळी गुंडाळ्या बाहेर काढायला गेलो. कप्प्यात एकही नाही. त्या जागी झबली. टोपरी, दुपटी, लंगोट, बारीक टीप घालून, नाड्या लावून, नीट घड्या करून ठेवलेली. पांढरीशुभ्र.

लिहायला हवं नाहीतर वेड लागेल. आमच्या ऑफिसात बिघडलेला ट्रेसिंग क्लॉथ कुणी फेकत नसे. घरी न्यायचा, कढत पाण्यात सोडा टाकून भिजवायचा. खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते आणि खाली राहतं ते कापड बाजारात मिळत नाही इतकं मऊ. आमच्या क्वार्टर्समधलं प्रत्येक बाळ ड्राफ्ट्समनच्या फेकलेल्या पुलांत आणि पाटांत वाढलं. मी आणायचो आणि हेमलता शिवायची. रेशमाची सगळी झबली त्यातलीच होती. बायकोच्या कपाटात ट्रेसिंग क्लॉथ नेऊन ठेवला तो मी. आयुष्यभर त्याचा एकच अर्थ तिला मी शिकवला होता.

ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. तोंडावर असा आनंद की बघवेना. "दखा, कितलं मऊ व्हयनं. हाई बठ्ठं आपली रेशमासाठे शे."

सगळं रेशमासाठी! मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, बेबाबाई धावत आली. मी हात उचलला. मारला नाही, पण उचललेला तिने पाहिला, आणि एक दुपटं पोटाशी धरून कपाटाच्या कोपऱ्यात बसून राहिली.

बोर्डावरचा एक नकाशा उरला. बाकी टाउन हॉल गटारातून पांझरेला गेला.

४ जानेवारी, रविवार

मॅडम आल्या. हेच ते नकाशे म्हणत मी झबल्यांचा गठ्ठाच पुढे ठेवला. त्यांनी एक उचलून खिडकीकडे धरलं. शिवणीच्या आत एक रेघ राहिली होती, केसासारखी, कशाची ते कळत नव्हतं.

हेमलता त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली, रिकामा पेला. त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुन्हं पोर कितलं मोठं शे, बाई? लई जा एक-दोन, आमनाकडे बठ्ठं जास्ती शे." मॅडमनी एक झबलं घेतलं. पर्समध्ये जपून ठेवलं.

दारात मला म्हणाल्या, "काका, एक शीट आहे ना. त्यावर सही आहे. तेवढ्यावरसुद्धा करीमचं नाव उभं राहील. तुमची नक्कल पुरी झाली की कळवा, मी माणूस पाठवते." मग हळूच, "काकूंना कुणाला दाखवलंय का?"

मला राग आला. सगळे हिच्याबद्दलच विचारतात. करीमबद्दल कुणी रडत नाही.

९ जानेवारी

आठवणीने काढायला बसलो. सगळे नकाशे मी डोळे भरून पाहिले होते. भिंती आल्या, खिडक्या आल्या. जिना येत नाही. तो डावीकडून वळतो की उजवीकडून, तेच आठवत नाही. पायऱ्या काढतो आणि खोडतो. हा माझा टाउन हॉल होतो आहे, त्याचा नाही. कागद फाडून टाकले.

१६ जानेवारी

रेशमा आली, मला न विचारता आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरांनी फिल्म काचेवर लावून दाखवली. नकाशा वाचणं हा माझा धंदा, त्यामुळे ते बोट ठेवत होते त्याआधीच मला रिकाम्या जागा दिसल्या. आजाराचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते म्हणाले, अलीकडचं आधी जातं, जुनं शेवटी जातं, आणि हे एक-दोन महिन्यांतलं नाही. मीठ, बाह्या, साक्रीची गाडी, सगळं एकामागोमाग डोळ्यांपुढे आलं. मी त्याला रुसवा म्हणत होतो.

घरी आल्यावर रेशमा तिच्यासमोर बसली, हात हातात घेऊन. हेमलताने तिला झबलं दाखवलं. "मनी पोरसाठे शे. रेशमा नाव ठेवेल शे."

"छान आहे," रेशमा म्हणाली.

"तू कोन्ही पोर शे?"

कुणाची पोर, असं आईनेच विचारल्यावर रेशमा मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "नाना, मी तिला नाशिकला नेते." मी नाही म्हटलं. चाळीस वर्षं जिच्या मशीनचा आवाज मागे होता तिला पाठवून मी कुठल्या खोलीत बसू?

२५ जानेवारी, रविवार

देवाने कुणावर असे दिवस आणू नयेत. हेमलताने झबल्यांचा गठ्ठा कुठेतरी दडवून ठेवला आहे आणि कुठे ते तिला आठवत नाही. मी माळा, पिंप, पिठाचा डबा सगळं पाहिलं. आठवडाभर घरभर फिरते. "पोर उघडी शे. थंडी वाजस पोरले." खात नाही. बाजारातून उत्तम मलमल आणली, तिने गालाला लावून पाहिली आणि टाकून दिली. "हाई टोचस. तुम्ही हापिसनं कापड काब्रं आनत नही? रोज तर आनतस." औषधाने दोन घटका डोळा लागतो, उठली की परत तेच.

आज ती माझ्या बोर्डापुढे उभी राहिली. हात लावला नाही. त्या दिवशी उचललेला हात तेवढा तिच्या लक्षात राहिला आहे. बाकी सगळं गेलं आणि तो राहिला. कापडाकडे बघत नुसती उभी होती आणि नाक पुसत होती.

मला मरण का येत नाही?

१ फेब्रुवारी, रविवार

नक्कल अर्धीच झाली आहे. घुमटाच्या खालचं काहीच उतरवलेलं नाही आणि गेले पंधरा दिवस पेन धरवत नाही. मोबाईलवरचा तो फोटो मी मॅडमना पाठवला होता. फोटोत सही वाचता येत नाही, मी मोठा करून पाहिलं.

सकाळी बोर्डावरच्या टाचण्या काढल्या. बंबातलं कढत पाणी घंगाळ्यात ओतलं, सोडा टाकला. करीमला काही म्हणावं असं वाटलं, पण काय म्हणणार? त्याला मी मारतोय आणि त्याच्या नावाची दुआही मला येत नाही. शीट आत सोडली. आधी खळ शेवाळासारखी बुळबुळीत झाली. मग शाई सुटली. रेघा हलल्या, एक कमान, दुसरी कमान, खिडक्या, आणि पाणी करडं झालं. सहीचा कोपरा मी मुठीत धरून पाण्याबाहेर ठेवला होता. हेमलता दारात उभी राहून पाहत होती, दोन आठवड्यांत पहिल्यांदा गप्प. म्हणाली, "तो कोपरा ऱ्हायना." मग तोही सोडला.

दोरीवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याखाली बसून होती. रात्री दोन घास जेवली.

२ फेब्रुवारी

कापड वाळलं. खरोखर लोण्यासारखं झालं होतं. घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं. मशीनचं झाकण काढलं, सुई ओवून दिली.

तिने कापड पाहिलं, मग मला पाहिलं.

"हाई काय शे?"

"पोरीसाठी. रेशमासाठी. झबलं शिवायचं ना?"

"कोन्ही पोर?" ती म्हणाली. "आठे पोर नही."

इथे पोरच नाही म्हणाली, आणि तिच्या तोंडावर कसलीच काळजी नव्हती. दोन आठवडे जिने घर डोक्यावर घेतलं ती ही नव्हतीच जशी काही. मी परत सांगितलं, झबलं, थंडी, हापिसनं कापड. ती सगळं ऐकून घेत होती, परक्या माणसाचं ऐकावं तसं, मधे मधे मान हलवून. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, कापडाच्या चार घड्या घातल्या आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"भाऊ, हाई तुमना घरनं व्हई. तुमनी बायको वाट दखत व्हई. लई जा."

मी घेतलं.